द डॉटर ऑफ टाइम : तपास पटला, निकाल पटला नाही

उंबरठा

जोसेफिन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम' ही कादंबरी १९५१ साली आली. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनने १९९० मध्ये सर्वोत्तम शंभर रहस्यकथांची यादी केली, तेव्हा ही पहिल्या क्रमांकावर होती. आणि या पुस्तकात ताजं प्रेत नाही, घटनास्थळ नाही, संशयित सगळे साडेचारशे वर्षांपूर्वी मेलेले. तरी ते हातातून सुटत नाही. मला ही कादंबरी फार आवडते आणि तिचा निकाल मला मान्य नाही. या दोन्ही गोष्टी सविस्तर मांडायच्या आहेत. रहस्याचा उलगडाही पुढे येणार आहे, तेव्हा ज्यांना आधी पुस्तक वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं.

स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडलाय. छताच्या भेगा मोजून जीव विटलाय. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचा त्याला अभिमान, म्हणून त्याची अभिनेत्री मैत्रीण मार्टा जुन्या चित्रांच्या प्रती आणून देते. त्यातल्या एका चेहऱ्यापाशी तो थांबतो. जबाबदारीचं ओझं वागवणारा, फार विचार करणारा, न्यायासनावर शोभेल असा माणूस. मग नाव कळतं : रिचर्ड तिसरा. इंग्लंडातल्या शाळकरी मुलांना ठाऊक असलेला, दोन कोवळ्या पुतण्यांना मारून गादी बळकावणारा काका.

इतिहास माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. राजा एडवर्ड चौथा ९ एप्रिल १४८३ रोजी वारला. थोरला मुलगा बारा वर्षांचा, धाकटा नऊ. काका रिचर्ड संरक्षक, म्हणजे लहान राजाच्या वतीने कारभार पाहणारा, झाला. दोन्ही मुलांना लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलं. जूनमध्ये असं पुढे आलं की त्यांच्या बापाने आधी एलेनॉर बटलर नावाच्या बाईला लग्नाचं वचन दिलं होतं, त्यामुळे नंतरचं लग्न बेकायदा आणि मुलं अनौरस. ६ जुलैला रिचर्डचा राज्याभिषेक झाला. त्या उन्हाळ्यानंतर मुलं कोणाला दिसली नाहीत. दोन वर्षांनी, २२ ऑगस्ट १४८५ रोजी, बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला आणि हेन्री ट्यूडर हा सातवा हेन्री म्हणून राजा झाला.

ग्रँट हे प्रकरण पोलिसाच्या नजरेने उघडतो. ब्रिटिश म्युझियममध्ये अभ्यास करणारा ब्रेंट कॅराडाइन नावाचा एक तरुण अमेरिकन त्याच्यासाठी कागद शोधून आणतो. एवढीच काय ती हालचाल. पण प्रत्येक कागद आला की खोलीतली हवा बदलते, हे टे यांचं कसब आहे. रिचर्डच्या दुष्टपणाचा मुख्य साक्षीदार म्हणजे थॉमस मोर. कादंबरीतला माझा सर्वांत आवडता क्षण या मोरपाशी येतो. ग्रँट तारखा मांडतो आणि त्याच्या लक्षात येतं की मोरचा जन्म १४७८ चा. मुलं नाहीशी झाली तेव्हा हा पाच वर्षांचा पोरगा. म्हणजे त्याने लिहिलेलं सगळं ऐकीव. ऐकलं कोणाकडून? पोरवयात तो जॉन मॉर्टनच्या घरी वाढला. मॉर्टन हा रिचर्डचा कट्टर वैरी, आणि पुढे सातव्या हेन्रीने त्यालाच कँटरबरीचा आर्चबिशप आणि चॅन्सेलर केलं. चारशे वर्षं शाळेत शिकवलेल्या गोष्टीचं मूळ एका शत्रूच्या जेवणघरातल्या गप्पांत! पोलिसाला अशा साक्षीचा येतो तसा संताप ग्रँटला येतो, आणि वाचताना तो आपल्यालाही येतो.

दुसरी भक्कम जागा 'टिटुलस रेगियस'ची. मुलं अनौरस आहेत असं ठरवणारा १४८४ चा संसदेचा हा कायदा हेन्रीने वाचूनही न दाखवता रद्द करवला आणि त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. का? कारण हेन्रीला त्या मुलांच्या बहिणीशी, एलिझाबेथशी, लग्न करायचं होतं. ती औरस ठरली तरच लग्नाला अर्थ. पण ती औरस ठरली की तिचे भाऊही औरस ठरतात, आणि ते जिवंत असतील तर गादी त्यांची. म्हणजे मुलांच्या मरणाची खरी गरज रिचर्डला नव्हती, हेन्रीला होती. ही साखळी टे यांनी इतकी स्वच्छ बांधली आहे की क्षणभर दुसरं काही सुचत नाही.

आणि इथेच माझं मन अडतं. गरज कोणाला होती हे सिद्ध झालं म्हणजे खून कोणी केला हे सिद्ध होत नाही. हेन्रीने मुलं मारायची तर ती १४८५ पर्यंत जिवंत असायला हवीत. त्या दोन वर्षांत ती होती कुठे? रिचर्डवर उघड संशय घेतला जात असताना त्याने एकदाही त्यांना लोकांसमोर का आणलं नाही? या प्रश्नापाशी कादंबरी फार भराभर चालते. रिचर्ड चांगला प्रशासक होता, उत्तरेकडे लोकांना प्रिय होता, त्याच्या संसदेने जामिनाबद्दल आणि जुलमी वसुलीविरुद्ध चांगले कायदे केले, हे सगळं खरं. पण चांगला राज्यकर्ता गादीसाठी पुतण्यांचा जीव घेणार नाही, असं म्हणायला इतिहासात आधार नाही. १३ जून १४८३ रोजी लॉर्ड हेस्टिंग्जला पकडून खटल्याशिवाय मारलं गेलं, तेही रिचर्डच्याच हुकमाने. कादंबरी त्यावरून हात फिरवून पुढे जाते.

शिवाय ते चित्र. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं, ग्रँटला भुरळ घालणारं हे चित्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. रिचर्डला मरून तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं झाली होती. मोर पाच वर्षांचा होता म्हणून त्याची साक्ष बाद करायची, तर न पाहिलेल्या माणसाचा चेहरा रंगवणाऱ्या अनाम चित्रकाराची साक्ष कशी चालते?

कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणाकडून ऐकलं, त्यातून त्याला काय मिळालं, हे प्रश्न या पुस्तकाने मला कायमचे दिले. तेच प्रश्न मी या पुस्तकाला विचारतो तेव्हा त्याचा निकाल टिकत नाही. इतर वाचकांना काय वाटतं ते वाचायला आवडेल.

हेमंती

सुंदर लिहिलंय. मराठी वाचकाला काका, पुतण्या आणि गादी हे शब्द एकत्र ऐकले की शनिवारवाडाच आठवणार. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे आणि रघुनाथराव. मला एक फरक मोठा वाटतो. आपल्याकडे रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि सत्तेवर बसलेल्या काकाला तोंडावर दोषी ठरवलं. १४८३ च्या लंडनमध्ये चौकशीच झाली नाही. कोणी विचारलं नाही, कोणी लिहून ठेवलं नाही. ग्रँटला साडेचारशे वर्षांनी बिछान्यातून ती करावी लागली, यातच त्या काळाविषयी बरंच काही येतं.

तळटीप

उंबरठा, तुमच्या मुद्द्यांना मी आणखी वजनदार पुरावा देतो. डोमिनिको मँचिनी नावाचा इटालियन माणूस १४८३ च्या जुलैपर्यंत लंडनमध्ये होता. परत गेल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने पाहिलेलं-ऐकलेलं लिहून काढलं. हे हस्तलिखित फ्रान्समधल्या लील शहराच्या ग्रंथालयात १९३४ मध्ये सापडलं आणि १९३६ मध्ये छापलं गेलं. म्हणजे कादंबरीच्या पंधरा वर्षं आधी. टे यांच्या पुस्तकात त्याचा वापर नाही.

मँचिनी लिहितो की मुलांना टॉवरच्या आतल्या दालनांत हलवलं, गजांआडून आणि खिडक्यांतून ती दिवसेंदिवस कमी दिसू लागली, आणि शेवटी दिसेनाशी झाली. त्यांच्यापाशी शेवटपर्यंत राहिलेला वैद्य आर्जेंटाइन सांगत होता की थोरला मुलगा मरण समोर आहे असं समजून रोज पापनिवेदन करत होता. मुलाचं नाव निघताच लोकांच्या डोळ्यांत पाणी येताना मँचिनीने स्वतः पाहिलं. मारलं की नाही, कसं मारलं, हे आपल्याला कळलेलं नाही, असंही तो प्रामाणिकपणे म्हणतो. मला तर त्यामुळेच तो जास्त विश्वासार्ह वाटतो.

आता कादंबरीचा युक्तिवाद आठवा. खुनाची अफवा फक्त दोन ठिकाणी दिसते, क्रॉयलंडच्या मठाच्या परिसरात आणि फ्रान्समध्ये, आणि दोन्हीकडे मॉर्टनचा वावर. म्हणजे अफवा मॉर्टनने पेरली. वाचताना हे भारी वाटतं. पण मँचिनीच्या म्हणण्याप्रमाणे संशय जुलैमध्ये, खुद्द लंडनमध्ये, रस्त्यावरच्या माणसांत होता. मॉर्टन तेव्हा वेल्समध्ये बकिंगहॅमच्या, म्हणजे रिचर्डच्या तेव्हाच्या साथीदार सरदाराच्या, कैदेत होता. हा एक साक्षीदार उभा केला की ती अख्खी मांडणी कोसळते.

दुसरं : हेन्रीने रिचर्डवर पुतण्यांच्या खुनाचा आरोप कधी ठेवलाच नाही, यावर ग्रँट फार भर देतो. १४८५ च्या संसदेच्या ठरावात रिचर्डवर बालकांचं रक्त सांडल्याचा आरोप आहे. मुलांची नावं नाहीत हे मान्य. पण आरोपच नव्हता असं म्हणता येत नाही.

रातवा

मी दुसऱ्या बाजूने बोलते. आपण कादंबरीला प्रबंधाच्या तराजूत घालतोय. ग्रँट हा इतिहासकार नाही. कामावाचून तळमळणारा, स्वतःच्या नजरेवर गाढ विश्वास असलेला पोलीस आहे. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची त्याची खोड टे यांनी सुरुवातीलाच सांगून टाकली आहे. आणि लगेच पुढे काय होतं बघा. तेच चित्र परिचारिका बघते, तिला यकृताचा आजार दिसतो. शल्यविशारद बघतो, त्याला पोलिओ दिसतो. सार्जंट विल्यम्सला न्यायाधीश दिसतो. प्रत्येकाला आपापला धंदा दिसतो. चेहरा हा पुरावा नाही, हे खुद्द लेखिकेनेच दाखवून ठेवलंय. ग्रँट आपल्या आवडत्या माणसाला सोडवायला निघालाय, हे ओळखून वाचलं तर शेवटची त्याची खात्री हा पुस्तकाचा दोष राहत नाही, ते त्याचं स्वभावचित्र होतं.

उंबरठा

रातवा, चित्राच्या प्रसंगाचं तुमचं वाचन फार आवडलं. तो क्रम मी असा पाहिला नव्हता. तरी एक गोष्ट खटकत राहते. ग्रँटला विरोध करणारं माणूस पुस्तकात कोणी नाही. परिचारिका शाळेत शिकलेलं बोलतात. कॅराडाइन पहिल्या भेटीपासून त्याच्या बाजूचा. ज्याने मूळ कागद वाचलेत आणि तरीही रिचर्डला दोषी मानतो, असा एक जरी अभ्यासक टे यांनी त्या खोलीत आणून बसवला असता, तर तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य केलं असतं. लेखिकेला ग्रँटचा कल दाखवायचा असता तर तिने त्याला कोणाशी तरी झुंजवलं असतं. तिने उलट व्यावसायिक इतिहासकारांनाच आंधळं ठरवलंय. मला तो आवाज ग्रँटचा कमी आणि लेखिकेचा जास्त वाटतो.

तळटीप, मँचिनीबद्दल मनापासून आभार.

बोरू

मला हे पुस्तक पुढे सरकलंच नाही. तीन एडवर्ड, तीन रिचर्ड, दोन एलिझाबेथ, त्यात प्रत्येकाला सरदारकीचं वेगळं नाव. यॉर्क कोण आणि लँकेस्टर कोण हे लक्षात ठेवता ठेवता रहस्य बाजूला राहतं. इंग्लंडमध्ये वाढलेल्या वाचकासाठी लिहिलेलं पुस्तक आहे, बाहेरच्याने कशाला ओढून वाचावं असं वाटलं.

हेमंती

बोरू, वंशवृक्ष शेजारी ठेवून वाचा. निम्मा त्रास जातो. तुम्हाला फक्त एवढी माणसं लागतात : एडवर्ड चौथा, त्याची बायको एलिझाबेथ वुडव्हिल, त्यांची दोन मुलं आणि थोरली मुलगी एलिझाबेथ, राजाचे भाऊ जॉर्ज आणि रिचर्ड, आणि पलीकडून हेन्री ट्यूडर. बाकीची नावं ओलांडून गेलात तरी तपास कळतो.

निळी शाई

हे पुस्तक मला वेगळ्याच कारणाने जवळचं आहे. मोर आणि मॉर्टनचं प्रकरण वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सतत छत्रपती संभाजी महाराज होते. महाराजांचा शेवट १६८९ चा. त्यांची प्रतिमा ज्या बखरीने सर्वाधिक काळवंडली ती मल्हार रामराव चिटणीसांची, १८१० च्या सुमाराची. मध्ये सव्वाशे वर्षं. आणि लिहिणारा कोण, तर बाळाजी आवजींचा वंशज, ज्या बाळाजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, घराण्याचं काय दुखणं होतं, हे ग्रँटचे तिन्ही प्रश्न इथे जसेच्या तसे लागू होतात. त्या बखरीवर नाटकं झाली, कथा झाल्या, पिढ्यांनी तेच खरं मानलं. वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र १९६० मध्ये आलं तेव्हा कुठे अस्सल कागदांतले संभाजी महाराज लोकांपुढे आले. कमल गोखले यांनीही मोठं काम केलं.

पुस्तकात कॅराडाइनला कळतं की रिचर्डचा बचाव आधीही झालाय, सतराव्या शतकात जॉर्ज बकने, अठराव्यात होरेस वॉलपोलने, नंतर मार्कमने, आणि तरी शाळेतला धडा बदललेला नाही. ते पान वाचताना मला अंगावर काटा आला होता. पुरावा समोर येऊनही धडा का बदलत नाही, हा या कादंबरीचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. मुलं कोणी मारली हा नाही.

तळटीप

निळी शाई, तुलना मनाला भिडली. पण त्यातूनच दोन्हींतला फरकही दिसतो. बेंद्र्यांनी बखर बाजूला ठेवली ती समकालीन पत्रांच्या आधारावर. मराठी, फारसी, इंग्रज, पोर्तुगीज कागद शोधण्यात त्यांची वर्षानुवर्षं गेली. समकालीन कागद बखरीच्या विरुद्ध बोलत होते. राजवाड्यांपासून आपल्याकडे हीच शिस्त आहे की अस्सल पत्र आणि बखर यांत विरोध आला तर पत्र मानायचं. रिचर्डच्या बाबतीत मोरला बाजूला ठेवलं तरी १४८३ चा मँचिनी उरतो, आणि तो रिचर्डच्या बाजूने बोलत नाही. बखर खोटी ठरली म्हणून आरोपी निर्दोष ठरत नाही. त्यासाठी वेगळे कागद लागतात.

चौथा पहारा

रिचर्डचा सांगाडा सापडला होता ना? त्यात कुबड होतं का? कादंबरीत तर कुबड, वाळका हात वगैरे सगळं खोटं म्हटलंय.

गवाक्ष

हो. सप्टेंबर २०१२ मध्ये लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली, जुन्या ग्रेफ्रायर्स मठाच्या जागी. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी विद्यापीठाने तो रिचर्डचाच असल्याचं जाहीर केलं. त्याच्या बहिणीच्या वंशात, आईकडून मुलीकडे उतरलेल्या ओळीत, आज हयात असलेल्यांशी मायटोकॉन्ड्रियल डीएनए (फक्त आईकडून मिळणारा) जुळला. २६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये दफन झालं.

पाठीचा कणा बाजूला वळलेला होता, म्हणजे स्कोलिओसिस. एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर असणार, पण कुबड नाही. वाळका हातही नाही. म्हणजे शेक्सपियरचा रिचर्ड खोटा ठरला, पण शरीरात काहीच वेगळं नव्हतं असंही म्हणता येत नाही. मृत्यूच्या सुमाराच्या अकरा जखमा आढळल्या, त्यांतल्या नऊ कवटीवर. बत्तीस वर्षांचा माणूस घोड्यावरून उतरलेला किंवा पाडलेला, डोक्यावर शिरस्त्राण नसलेला, घेरून मारलेला. तो लढत मेला हे त्याच्या शत्रूंनीही लिहून ठेवलंय.

उंबरठा यांनी चित्राचा मुद्दा काढलाय त्यात भर. जनुकांच्या अभ्यासातून त्याचे डोळे निळे असण्याची शक्यता खूप मोठी निघाली. त्याच्याशी सर्वांत जवळचं चित्र लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडचं कमानीच्या चौकटीतलं आहे. ग्रँटने पाहिलेलं चित्र वेगळं.

चौथा पहारा

धन्यवाद. आणि मुलांची हाडं?

गवाक्ष

१६७४ मध्ये टॉवरमधला एक जिना पाडताना कामगारांना लहान मुलांची हाडं मिळाली. दुसऱ्या चार्ल्सने ती वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये संगमरवरी कलशात ठेवली. १९३३ मध्ये कलश उघडून तपासणी झाली. पण तपासणाऱ्यांनी ही मुलं तीच हे आधीच धरून चाललं होतं. मुलगे की मुली हेही ठरवलं गेलं नाही. त्यानंतर तपासायची परवानगी मिळालेली नाही. परवानगी द्यावी असं मला फार वाटतं. निदान ती हाडं कोणत्या शतकातली हे तरी कळेल.

रातवा

याच कादंबरीतला टोनीपँडीचा भाग कोणाला आठवतो? ग्रँट आणि कॅराडाइन खोट्या इतिहासाला 'टोनीपँडी' हेच नाव देतात. वेल्समधल्या त्या गावात १९१० मध्ये खाणकामगारांवर सैन्याने गोळ्या घातल्या अशी लोकांची समजूत, आणि प्रत्यक्षात फक्त लंडनचे पोलीस गेले होते, चार-दोघांच्या नाकातून रक्त आलं एवढंच, असं ग्रँट सांगतो.

तळटीप

आठवतं, आणि ही जागा मला पुस्तकातली सर्वांत कमजोर वाटते. गोळीबार झाला नाही हे खरं. पण सैन्य त्या खोऱ्यात पाठवलं गेलं होतं आणि बराच काळ तिथे होतं. पोलिसांशी झालेल्या मारामारीत शेकडो लोक जखमी झाले आणि एक कामगार डोक्याच्या मारामुळे मेला. म्हणजे खोट्या इतिहासाचं उदाहरण म्हणून दिलेली माहितीच अपुरी आहे, आणि तिचा कल सरकारच्या बाजूचा आहे. हे १९१० चं प्रकरण. वर्तमानपत्रं उपलब्ध होती, पाहिलेली माणसं हयात होती. तिथे कागद तपासायची गरज वाटली नसेल, तर १४८३ बद्दलच्या खात्रीवर मी किती भिस्त ठेवायची?

उंबरठा

मला म्हणायचं होतं ते तळटीप यांनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं.

कागदपत्रे

उशिरा येतोय, पण अलीकडच्या दोन गोष्टी नोंदवतो. थॉमस मोरला सरसकट ऐकीव म्हणून बाद करणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. हडर्सफील्ड विद्यापीठाचे इतिहासकार टिम थॉर्नटन यांनी दाखवलंय की मोरने मारेकऱ्यांपैकी एक म्हणून ज्या माइल्स फॉरेस्टचं नाव दिलंय, त्याचे मुलगे पुढे आठव्या हेन्रीच्या चाकरीत होते आणि मोरचा त्यांच्याशी संबंध आला असणार. मग २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी आणखी एक कागद पुढे आणला. १५१६ सालच्या मार्गारेट केपेल या बाईच्या मृत्युपत्रात पाचव्या एडवर्डच्या, म्हणजे त्या थोरल्या मुलाच्या, साखळीचा उल्लेख आहे. ही बाई सर जेम्स टिरेलच्या बायकोची सावत्र बहीण. आणि मोरच्या मते खून घडवून आणणारा हाच टिरेल. साखळी त्या घरात कशी आली हे मृत्युपत्र सांगत नाही. खुनाचा हा पुरावा नाही. पण मोरने दिलेली नावं हवेतून आली नव्हती, एवढं म्हणायला जागा आहे.

दुसऱ्या बाजूला फिलिपा लँग्ली. रिचर्डच्या शोधामागची तीच बाई. २०२३ मध्ये तिने युरोपातल्या दफ्तरांतले कागद मांडले. त्यात लीलची डिसेंबर १४८७ ची एक पावती आहे, एडवर्ड राजाच्या मुलासाठी घेतलेल्या भाल्यांची. मुलं जिवंत निसटली असं तिचं मत. बहुतेक इतिहासकारांना ते पटलेलं नाही, कारण तोतयाला पाठिंबा देणारे लोकही त्याला राजाचा मुलगाच म्हणणार.

हेमंती

तोतया म्हटल्यावर पर्किन वॉरबेक आलाच. मीच तो धाकटा राजपुत्र असं सांगत त्याने सातव्या हेन्रीला कित्येक वर्षं झोप लागू दिली नाही, शेवटी १४९९ मध्ये फाशी गेला. पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवा. भाऊ पडले १७६१ मध्ये, तोतयाला देहांत शिक्षा झाली १७७६ मध्ये. मधल्या काळात मोठमोठी माणसं त्याला मिळाली होती. प्रेत निःसंशय ओळखलं गेलं नाही की असं होतं. मला यात हेन्रीच्या बाजूचा एक मुद्दा दिसतो. मुलं त्याने स्वतः मारली असती तर वॉरबेकची त्याला एवढी धास्ती वाटायचं कारण नव्हतं. तो घाबरला, कारण मुलांचं काय झालं हे बहुधा त्यालाही माहीत नव्हतं.

निळी शाई

हेमंती, हा मुद्दा जबरदस्त आहे. उंबरठा, मग थेट विचारते. तुमच्या मते कोणी मारलं?

उंबरठा

मला वाटतं मुलं १४८३ मध्येच गेली, आणि जबाबदारी रिचर्डची. टॉवर त्याच्या ताब्यात, तिथला अधिकारी ब्रॅकनबरी त्याचा निष्ठावंत. बकिंगहॅमने परस्पर केलं असं काही जण मानतात. तो ऑक्टोबरमध्ये उलटला आणि २ नोव्हेंबरला मारला गेला. त्याने केलं असतं तर त्याच्या मरणानंतर रिचर्डला सगळं खापर त्याच्यावर फोडता आलं असतं. रिचर्ड गप्प राहिला. त्या गप्प बसण्याचं दुसरं समाधानकारक कारण मला सापडत नाही.

रातवा

आणि आई? कादंबरीतला हा प्रश्न मला आजही अडवतो. एलिझाबेथ वुडव्हिल मार्च १४८४ मध्ये चर्चच्या अभयस्थानातून बाहेर आली, मुलींना घेऊन. रिचर्डकडून वर्षासन घेतलं, मुली दरबारात नाचल्या. पोटच्या दोन मुलांच्या मारेकऱ्याच्या हाती कोणती आई मुली सोपवेल?

उंबरठा

रिचर्डच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे. म्हणूनच त्यामागचा कागद पाहायला हवा. ती तशीच बाहेर आली नाही. १ मार्च १४८४ रोजी रिचर्डला सरदार, धर्मगुरू आणि लंडनच्या महापौरासमोर शपथ घ्यावी लागली. त्यात त्याने मुलींच्या जिवाला धक्का लावणार नाही, चांगल्या घरी लग्नं लावून देईन असं म्हटलं, आणि त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या तुरुंगात ठेवणार नाही असंही म्हटलं. टॉवरचं नाव घालून. जवळजवळ दहा महिने ती मुलींसह अडकून पडली होती, बकिंगहॅमचं बंड मोडलं होतं, हेन्री समुद्रापलीकडे होता. तिच्यापुढे दुसरी वाट कोणती होती? मुलगे त्या टॉवरमध्ये सुखरूप आहेत अशी तिची खात्री असती, तर मुलींसाठी ती अट घालून घ्यायची गरज तिला पडली नसती.

रातवा

टॉवरचा उल्लेख शपथेत आहे हे मला ठाऊक नव्हतं. मग वर्षासनाचं प्रकरण पुन्हा वाचते, कॅराडाइन ते कुठल्या कागदावरून सांगतो ते बघायला हवं.